झारीला एकच हात लागतो

घरात तिला धाकटी म्हणत. केस अर्धे पांढरे झाले, वाचायचा एक चष्मा आणि तो शोधायला दुसरा अशी अवस्था आली, प्रयोगशाळेच्या दारावर नावाआधी डॉक्टर लागून जमाना झाला, तरी दादाच्या घरात ती धाकटीच. डॉक्टर या शब्दाला तर त्या घरात काडीची किंमत नव्हती. एकदा वहिनीची पाठ धरली, तेव्हा धाकटीने तिला दुखणं मेंदूत कसं तयार होतं हे खुर्चीवर बसून सविस्तर समजावलं आणि शेवटी "एखाद्या डॉक्टरला दाखव" असा सल्ला दिला. तेव्हापासून वहिनी तिची ओळख करून देताना "ही आमची डॉक्टर, पण औषध देत नाही" असं आधीच सांगून टाकायची. पाहुण्यांनी उगाच जीभ बाहेर काढून बसू नये म्हणून.

धाकटीचं काम म्हणजे व्यसनाचा अभ्यास. माणसाला एखादी गोष्ट सोडायची असते, अगदी मनापासून सोडायची असते, आणि तरी ती सुटत नाही. तेव्हा त्याच्या डोक्यात काय चाललेलं असतं, हे बघायचं. संस्थेत हे बघण्याचे तीन मार्ग होते आणि तिन्ही मार्गांवरच्या लोकांचं एकमेकांशी पटत नव्हतं. सर्वांत वरच्या मजल्यावर उंदीर होते. ते दिवसभर कळ दाबून नशेचं पाणी मिळवत आणि त्यांचे संशोधक त्यांच्याबद्दल वाया गेलेल्या पुतण्यांसारखं बोलत. मधल्या मजल्यावर आनुवंशिकतेचे लोक होते. त्यांच्या मते सगळा दोष आजोबांचा. आणि तळघरात धाकटी होती, तिचं भलंमोठं चुंबक होतं आणि चुंबकाच्या पोटात माणूस आडवा घालायची नळी होती.

नळीतल्या माणसाला आरशातून चित्रं दाखवायची. सिगारेट ओढणारा असला की सिगारेटची चित्रं. मेंदूत खोलवर शेंगदाण्याएवढा एक भाग आहे, तिथे अशा वेळी रक्ताची धावपळ वाढते आणि पडद्यावर ती जागा पिवळी-केशरी दिसते. गंमत अशी की हा शेंगदाणा मजा येते तेव्हा इतका पेटत नाही, जितका मजा येणार असं वाटलं की पेटतो. म्हणजे त्याची सगळी हुशारी वाट बघण्यात. धाकटी म्हणे, हा मेंदूतला दारात उभा राहणारा माणूस आहे. पाहुणा आला की तो आत निघून जातो.

पण नुसतं पेटणं बघून भागत नाही. कशाच्या तुलनेत पेटलं, हे सांगावं लागतं. म्हणून सिगारेटच्या प्रत्येक चित्राला एक नीरस जोडीदार लागे. उजेड तेवढाच, रंग तेवढेच, हात दिसत असेल तर हातही तसाच. बोटांत सिगारेट, तर बोटांत पेन. राखदाणी, तर बशी. लायटर, तर किल्ली. नीरसपणा ठरवायला तिने पाच जणांची समिती नेमली होती आणि या समितीने नीरसपणाचा विषय फारच मनावर घेतला. टाचणयंत्राचं, म्हणजे स्टेपलरचं, चित्र त्यांनी नापास केलं, कारण ते पाहून हिशेबखात्यातला एक गृहस्थ किंचित हसला होता.

गॅलरीच्या कठड्यावर ठेवलेल्या सिगारेटच्या पाकिटाच्या चित्राला मात्र जोडीदार मिळेना. धाकटीच्या घरात बघावं तिकडे पुस्तकं, आणि पुस्तकं पाहून काही लोकांना तत्काळ झोप येते, म्हणजे तीही परिणामकारकच. शेवटी एका सुट्टीच्या दिवशी ती दादाच्या घरी गेली. गॅलरीत उजेड छान होता. कठड्यावर हिरवी पत्र्याची झारी होती, नाकाला पोचा आलेली, कुणाच्या अध्यात ना मध्यात. तिने फोटो काढला. समितीने तो एकमताने पास केला. "याहून नीरस काही पाहिलेलं नाही," असा शेरा एका सदस्याने दिला आणि धाकटीला तो पुरस्कारासारखा वाटला.

आता दादाबद्दल. दादा लोकांना मोटार चालवायला शिकवायचा. म्हणजे सकाळी उठून, आंघोळ करून, परीटघडीचा शर्ट घालून रोज आपला जीव अनोळखी माणसांच्या हाती द्यायचा. शिकवणाऱ्याच्या बाजूला गाडीत एक जास्तीचा ब्रेक असतो. इतक्या वर्षांत दादाचा उजवा पाय त्या ब्रेकला असा सरावला होता की जेवताना कोणी वाटी जरा जोरात सरकवली तरी टेबलाखाली तो पाय दाबला जाई. अशा माणसाने सिगारेट ओढू नये तर कुणी ओढावी, असं त्याचं म्हणणं. सोडली मात्र त्याने पुष्कळदा. सोडण्यात तो पटाईत होता. वहिनी म्हणे, "यांनी सिगारेट जितक्या वेळा सोडली ना, तितक्या वेळा लोक घरातून बाहेरसुद्धा पडत नाहीत."

मग दादाच्या लेकीने, म्हणजे धाकटीच्या भाचीने, बातमी दिली. सगळ्यांनी एकदम बोलून झालं, वहिनीचे डोळे पुसून झाले, आणि भाची म्हणाली, "बाबा, एक सांगून ठेवते. सिगारेटचा वास येणाऱ्या मांडीवर माझं बाळ बसणार नाही. आज सांगतेय, नंतर रुसायचं नाही."

दादाने खिशातलं पाकीट काढून कचऱ्याच्या डब्यात टाकलं. वहिनीने डब्यात वाकून पाहिलं आणि नवऱ्याला सांगितलं, "भरलेलं टाकलंत. या खेपेला खरंच दिसतंय. बघू आठवडाभर."

आठवडा गेला, आणखी बरेच गेले. दादाने ओढली नाही. पण घरात कुणाचा विश्वास म्हणून बसेना. तो दुकानातून आला की वहिनी बोलता बोलता जवळून जायची आणि तिची नाकपुडी हलायची. भाची माहेरी आली की गळ्यात पडायची, जरा जास्तच वेळ. दादाला कळायचं. एका संध्याकाळी तो तडक धाकटीच्या तळघरात येऊन उभा राहिला.

"मला घाल त्या नळीत."

"कशाला रे?"

"मेंदूतच बघ ना एकदा काय ते. कागदावर लिहून दे की हा माणूस सुटला. म्हणजे तुझ्या वहिनीचं नाक तरी जागेवर राहील."

"दादा, ते मशीन दाखले देत नाही. एका डोक्यावरून काही ठरतही नाही. पन्नास डोकी घेतली की सरासरी..."

"पन्नास नाहीयेत माझ्याकडे. आहे ते घे."

धाकटीला खरं तर एका डोक्याची गरज होतीच. नवी चित्रं जमली होती. मुख्य प्रयोगाआधी घरच्याच कुणावर तरी मशीनची तालीम करायची होती आणि मोठे सर मागे लागले होते. मोठे सर म्हणजे संस्थेचे प्रमुख. लवकरच एक मंडळ येऊन तळघराचा प्रकल्प पुढे चालू ठेवायचा की जागा उंदरांना द्यायची, हे ठरवणार होतं. उंदरांच्या लोकांनी येऊन खोलीची मापंही घेऊन ठेवली होती. तिने दादाला बजावलं, की ही तालीम आहे, दाखला नाही. दादाने मान डोलावली आणि घरी जाऊन सांगितलं की उद्या मशीन दाखला देणार आहे.

मशीनवर बसणाऱ्या तंत्रज्ञाला सगळे हलूनका म्हणत, कारण दिवसभर त्याच्या तोंडात तेवढंच असे. त्याने दादाची अंगठी, पट्टा, किल्ल्या काढून घेतल्या, त्याला नळीत सरकवलं आणि माइकवर सुरुवात केली.

"साहेब, हलू नका. खूप आवाज होईल, तरी हलू नका."

ठोकाठोकी सुरू झाली. पहिल्याच ठोक्याला दादाचा उजवा पाय दाबला गेला.

"साहेब, पाय."

"ब्रेक लावला हो, सवय आहे."

"इथे ब्रेक नाहीये. हलू नका."

"ब्रेक नाही असं सांगितल्यावर तर जास्तच हलेल तो!"

शेवटी पायावर उशी ठेवून पट्ट्याने बांधला, तेव्हा कुठे चित्रं दाखवून झाली. दादा बाहेर आला तो खुशीत. "काहीच वाटलं नाही गं सिगारेट बघून. पेन, बशी, किल्ली... आपली झारीपण होती की! ओळखीचं कुणी भेटल्यासारखं वाटलं."

दोन दिवसांनी आकडेमोड पुरी झाली. धाकटीने पडद्यावर मेंदू उघडला आणि चष्मा पुसला. मग दुसरा चष्मा घातला. सिगारेटच्या चित्रांना दादाचा शेंगदाणा जेमतेम कोमट झाला होता. पेनाला थंड. बशीला थंड. आणि झारीला असा पेटला होता की बंदरावरचा दिवा वाटावा.

मोठ्या सरांनी वाकून पाहिलं. "मॅडम, तुमचे बंधू झारी ओढतात का?"

हलूनका खोकल्याच्या आडून हसला.

"यंत्र बिघडलं असेल," धाकटी म्हणाली.

"यंत्र काल तपासलंय. गाळून टाका हे डोकं. आणि झारीही गाळा. मंडळासमोर हे दाखवलंत तर परवा इथे उंदीर येतील राहायला."

त्या रात्रीच्या जेवणाला दादाकडे सगळे जमले होते. भाची आणि जावई आले होते, वहिनीने चांगली ताटं काढली होती, आणि दादा निकाल लागलेल्या पोरासारखा धाकटीकडे बघत होता. धाकटीला खोटं बोलता येत नसे. त्याचं तिला शिक्षणच मिळालेलं नव्हतं.

"सिगारेटला फारसं काही नाही दिसलं," ती म्हणाली.

"ऐका!" दादाने टेबलावर थाप मारली.

"पण झारीला... जरा जास्त दिसलं."

"झारीला?" वहिनी थांबली. हातातला डाव तसाच राहिला. "गॅलरीतल्या?"

"हो. का, ते कळत नाहीये. तालीमच होती ती, एका डोक्यावरून..."

पण वहिनीला कळत होतं. पन्नास डोक्यांची सरासरी न काढता तिला कळत होतं. "रोज संध्याकाळी हे झारी घेऊन गॅलरीत जातात. दार ओढून घेतात. म्हणतात, वाऱ्याने आपटतं." ती सावकाश बोलली. "म्हणजे तिथे चाललंय तर."

"अगं, मी हातसुद्धा लावलेला नाही!"

"मशीन खोटं बोलेल का?"

"मशीन काही बोललंच नाहीये वहिनी," धाकटी म्हणाली, पण त्या घरात यंत्राला तिच्यापेक्षा जास्त मान होता.

 भाचीने अर्धं ताट बाजूला सारलं, पाण्याचा घोट घेतला आणि जावयाला म्हणाली, "निघू या आपण." दारात बापाच्या गळ्यातही पडली नाही. दादा टेबलापाशी बसून राहिला. टेबलाखाली त्याचा पाय दाबलेला होता तो तसाच.

धाकटी घरी गेली ती स्वतःला शिव्या घालत. दुसऱ्या दिवशी कपाटातून तिने एक फुंकणी काढली. प्रयोगाला येणारे लोक किती ओढतात हे तपासायला ती असते. हातात मावेल एवढं यंत्र, त्यात फुंकर मारायची, धुराचा विषारी वायू श्वासात किती उरलाय ते आकड्यात दिसतं. दिवसभरात एक जरी ओढली असली तरी ती सहसा चुगली करते. दादाला सांगून तपासण्यात अर्थ नव्हता, म्हणून तिने त्याला गाठायचा सपाटा लावला. सकाळी दूध घ्यायला उतरला, तिथे. दुपारी पेट्रोल भरताना. एकदा तर भर चौकात लाल दिवा लागला असताना ती फूटपाथवरून गाडीशी आली आणि खिडकीतून फुंकणी आत घातली.

"फुंक."

दादाने निमूटपणे फुंकलं. स्टिअरिंगवर बसलेली शिकाऊ मुलगी पांढरीफटक पडली. तिला वाटलं, मास्तरांना पिऊन गाडीत बसल्याबद्दल पकडलं.

"बहीण आहे माझी," दादा तिला म्हणाला. "तू पुढे बघ. हिरवा झालाय."

प्रत्येक वेळी आकडा इवलासा. नवजात बाळाला शोभेल असा. धाकटी फुंकणी घेऊन वहिनीसमोर जाऊन बसली आणि सगळं सांगितलं. वहिनी म्हणाली, हे यंत्र भावाच्या बाजूचं असेल. "मग तू फुंकून बघ," धाकटी म्हणाली. वहिनीने फुंकलं. दिवसभर बंद स्वयंपाकघरात गॅसपुढे उभी असलेल्या वहिनीचा आकडा दादापेक्षा वर गेला.

शेजारी बसलेल्या दादाने तो आकडा चष्मा लावून, उजेडात धरून, सावकाश वाचला. "किती दिवस चाललंय हे तुझं?" त्याने बायकोला गंभीरपणे विचारलं. "मला सांगायचंस तरी."

वहिनी हसली. न हसायचं ठरवून हसली, म्हणून जास्तच हसली. मग पदराने डोळे टिपून म्हणाली, "मग त्या झारीचं काय? तिथे कशाला पेटतं डोकं?"

 दादा धाकटीकडे बघत म्हणाला, "तूच सांगितलं होतंस की."

"मी? काय?"

"अगं, तू नोकरीला नवी होतीस. मी पहिल्यांदा सोडली तेव्हा तुला विचारलं, तलफ आली की काय करू? तू म्हणालीस, हात रिकामे ठेवू नकोस. मोकळ्या हवेत जा, झाडांना पाणी घाल. मी त्याच दिवशी ही झारी आणली."

"बरोबरच सांगितलं होतं मी!"

"सांगितलंस गं. पण झारीला एकच हात लागतो. हे तुझ्या शास्त्रात नव्हतं."

त्याने डावा हात उचलून दोघींना दाखवला.

"पहिल्या दिवशी उजव्या हातात झारी धरली, डावा तसाच लोंबत होता," दादा म्हणाला. "मग त्याला काम दिलं. पुढे किती वर्षं तेच. झारी उचलली की सिगारेट. आता ओढत नाही, पण झारी उचलली की जीव नुसता कासावीस होतो. गॅलरीत दार लावून दात-ओठ खात उभा असतो मी. तुम्हाला दिसू नये म्हणून दार लावतो."

"आणि मी यांना अस्वस्थ झालेलं बघितलं की काय सांगते?" वहिनी म्हणाली आणि तिने तोंडावर हात धरला. "जा, झाडांना पाणी घाला. दर खेपेला! यांनी सोडली की मी झारी हातात द्यायची!"

धाकटी टाचणयंत्र नापास करणारी बाई होती. उजेड मोजला, रंग मोजले, पत्र्यावरची चकाकी मोजली. ही झारी कुणाची, एवढंच विचारायचं राहिलं होतं. एवढी वर्षं लोकांच्या मेंदूत ती जे शोधत होती, ते तिने स्वतःच भावाच्या हातात दिलं होतं, नाकाला पोचा नसताना. दारात उभा राहणारा माणूस कोणाची वाट बघतोय, हे तिला एकदम दिसलं. तिला हसू यायला लागलं आणि थांबेना.

"हसतेस काय? फेकून देते मी ती झारी!" वहिनी उठली.

"नको, थांब!" धाकटीने डोळे पुसले. "फेकलीस तर डोकं विसरणार नाही, नुसतं लपवून ठेवेल. रस्त्यात दुसऱ्याची झारी दिसली की पुन्हा पेटेल. त्यापेक्षा झारी रोज उचलायची, त्याच गॅलरीत, आणि सिगारेट यायचीच नाही. पुनःपुन्हा. दारातला माणूस वाट बघून बघून कंटाळला पाहिजे."

"किती दिवस?"

"ते डोक्यावर आहे."

"डॉक्टर, पण औषध देत नाही," वहिनी म्हणाली. पण गॅलरीचं दार तिने स्वतः उघडलं आणि वाऱ्याने आपटू नये म्हणून त्याला पायपुसणं लावलं. मग लेकीला फोन करून फुंकणीपासून झारीपर्यंत सगळं सांगितलं.

तेव्हापासून रोज संध्याकाळी दादा उघड्या दाराच्या गॅलरीत झारी घेऊन उभा राहू लागला आणि धाकटी शेजारी स्टुलावर. सुरुवातीला त्याच्या कपाळावर घाम यायचा. मग तो बोलत राही, दिवसभरात कोणी कशाला गाडी घासली ते सगळं सांगे. उपचार उत्तम चालला होता. झाडं मात्र मेटाकुटीला आली. एक कुजलंच. खालच्या मजल्यावर एक वकील राहत. त्यांनी वर येऊन सांगितलं की त्यांच्या वाळत घातलेल्या कपड्यांवर गढूळ पाण्याची धार लागते आणि हे प्रकरण ते पुढे नेऊ शकतात. मग दादा रिकामी झारी फिरवू लागला. या कुंडीवरून त्या कुंडीवर, नाक खाली करून, एका थेंबाशिवाय. वकिलांनी खालून मान वर करून हे बराच वेळ पाहिलं.

"पाणी नाहीये त्यात," ते शेवटी म्हणाले.

"उपचार चालू आहेत," दादा म्हणाला.

वकील आत गेले आणि त्यांनी आपल्या बायकोलाही बाहेर बोलावून आणलं.

तळघरातही हालचाल झाली. मंडळ आलं तेव्हा धाकटीने झारी गाळली नाही. पहिल्यांदा तीच दाखवली. पडद्यावर हिरवी झारी, शेजारी पेटलेला शेंगदाणा, आणि ती म्हणाली, की ही चूक माझी आहे आणि प्रकल्प हाच आहे: यापुढे नीरस चित्रं समिती निवडणार नाही, येणाऱ्या प्रत्येकाला आधी विचारायचं, तू ओढतोस तेव्हा आजूबाजूला काय काय असतं? मोठ्या सरांनी डोळे मिटून घेतले. मंडळाच्या अध्यक्षीणबाई मात्र पुढे सरकल्या. "माझं शिवणयंत्र," त्या पुटपुटल्या आणि मग मोठ्याने म्हणाल्या, की प्रकल्प चालू ठेवायला हरकत दिसत नाही. उंदरांच्या लोकांनी मापांची पट्टी गुंडाळली.

आणि मग तो दिवस आला. भाची दवाखान्यात दाखल झाली होती. जावयाचा फोन येत नव्हता. त्यातच दुपारी दादाच्या एका शिकाऊ गृहस्थांनी मागे घ्यायची गाडी पुढे घेतली आणि एका बेकरीच्या पायरीवर चढवली. लागलं कुणाला नाही. पण धाकटी संध्याकाळी पोचली तेव्हा दादा गॅलरीत पाठमोरा उभा होता आणि त्याची मान अवघडलेली होती. शर्टाच्या खिशातून सिगारेटचं टोक दिसत होतं. एकच. सुटी घेतलेली.

 धाकटीपाशी सांगण्यासारखं पुष्कळ होतं. तिने त्यावर निबंध लिहिले होते. त्यातलं एकही वाक्य तोंडातून निघेना.

दादाचा डावा हात खिशाकडे निघाला. अर्ध्यावर थांबला. त्याने त्या हाताकडे पाहिलं, शिकाऊ माणसाच्या हाताकडे बघावं तसं. आणि मग तो हात खाली नेऊन त्याने झारीच्या बुडाला लावला. उजवा कडीत, डावा बुडाला. भरलेली होती ती आज. त्याने ती पोटाशी घट्ट धरली.

"धाकटे," तो न वळता म्हणाला, "खिशात एक आहे. तू काढ. माझे हात गुंतलेत."

तिने काढली आणि कुजलेल्या झाडाच्या रिकाम्या कुंडीत मातीत खोचली. दादाने दोन्ही हातांनी झारी कलती करून त्या रोपाला पोटभर पाणी घातलं. खालून वकिलांचा आवाज आला, "आज खरं पाणी आहे!"

"हो हो, आज खरं!" दादा ओरडला. आवाज थोडा फाटला. आणि आत फोन वाजला.

मुलगी झाली होती. दोघी ठीक होत्या.

बाळ घरी आलं त्या दिवशी भाची दारातच थांबली. तिने बापाला जवळ ओढलं आणि अजिबात न लपवता, विमानतळावरच्या तपासनिसासारखा, त्याच्या शर्टाचा, केसांचा, बोटांचा वास घेतला. धाकटीने पर्समध्ये हात घातला.

"आत्या, फुंकणी नको," भाची म्हणाली. "बाबा, बसा."

दादा खुर्चीत बसला. भाचीने बाळ त्याच्या मांडीवर ठेवलं. दादाने एक हात मानेखाली घातला, दुसरा पाठीखाली, आणि श्वास रोखून धरला. बाळाने जरा हात हलवला आणि दादाचा उजवा पाय जमिनीत रुतला.

"हलू नका," धाकटी हळूच म्हणाली.

"नाही हलत."

बाळाने मग जे करायचं ते केलं. परीटघडीची विजार भिजत गेली. दादा हलला नाही.

वहिनीने कौतुकाने बघून घेतलं, मग तिचं लक्ष उन्हात माना टाकलेल्या रोपांकडे गेलं आणि ती सवयीने बोलून गेली, "अहो, झाडांना जरा पाणी घालता का?"

"दुसऱ्या कुणाला तरी सांग," दादा म्हणाला. "माझा एकही हात रिकामा नाही."